अनाहत आणि संस्कार : जन्मपूर्व मेंदूतील विद्युत्-क्रियेच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

पोटातले लेकरू ऐकते, ही समजूत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत रूढ आहे आणि पुण्यामुंबईच्या ग्रंथविक्रेत्यांच्या कपाटांतही ती तितकीच स्थिर झाली आहे. हिंगोली जिल्ह्यात डोहाळजेवणाच्या प्रसंगी वडीलधाऱ्या बाया गर्भिणीला चांगले ऐकावे, वाईट बोलू नये, असे सांगतात. शहरांत तेच सांगणे ‘गर्भसंस्कार’ ह्या नावाने पुस्तकांतून, ध्वनिमुद्रणांतून आणि शुल्क भरून चालणाऱ्या वर्गांतून मिळते. दोन्हीकडे प्रमाण म्हणून पुढे होणारी कथा एकच, अभिमन्यूची. आणि दोन्हीकडे विचाराचा सगळा भार पेलणारा शब्दही एकच, ‘संस्कार’. जन्मपूर्व मेंदूसंबंधी गेल्या सुमारे चाळीस वर्षांत जे संशोधन झाले, ते मराठीत सांगण्याची वेळ आली म्हणजे लेखक सहजगत्या ह्याच कथेचा व ह्याच शब्दाचा आश्रय घेतात. ह्या आश्रयाने सोय होते हे खरे. परंतु अर्थाची मोठी हानी होते. मेंदूतील पेशींचे जाळे विणले जात असता त्यात जी विद्युत्-क्रिया आढळते, ती आरंभी बाहेरून आलेली नसते. डोळा पाहू लागण्यापूर्वी दृक्पटल, आणि कान ऐकू लागण्यापूर्वी अंतःकर्ण, आपण होऊन संदेश धाडू लागतो. ही वस्तुस्थिती ‘संस्कार’ ह्या शब्दात मावते काय, आणि मावत नसल्यास मराठीच्या भांडारात तिच्यासाठी दुसरा शब्द आहे काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘संस्कार’ हा एकार्थी शब्द नाही. धर्मशास्त्रात तो विधिवाचक असून गर्भाधान, पुंसवन व सीमंतोन्नयन हे जन्मापूर्वीचे संस्कार म्हणून सांगितले आहेत. वैशेषिक दर्शनात संस्कार हा एक गुण आहे, व त्याचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले आहेत. सुटलेला बाण पुढे जात राहतो तो वेगामुळे. वाकविलेली फांदी सोडताच पूर्वस्थितीस येते ती स्थितिस्थापकामुळे. आणि अनुभवाने आत्म्यात उमटून पुढे स्मृतीला कारण होते ती भावना. आजच्या मराठीतील ‘संस्कार’ ह्या भावनेच्या सर्वांत जवळचा आहे; त्यात शिष्टाचाराची व घरच्या वळणाची छटा मागाहून मिसळली. योगदर्शनाने पूर्वजन्मीचे संस्कार मानले आणि ह्या जन्मीच्या अनुभवावाचूनही संस्कार असू शकतो असे म्हटले, हे येथे कोणी निदर्शनास आणील. परंतु तेथेही अनुभव टळलेला नाही, तो केवळ एक जन्म मागे सरकला आहे. सर्व अर्थांत समान असे एक सूत्र राहते: आधी कारण, मग त्याचा ठसा, आणि ठसा घेणारा तो घेण्यापूर्वी निष्क्रिय.

मराठीच्या वाक्यरचनेने हे सूत्र आणखी घट्ट केले आहे. संस्कार ‘होतात’, ‘घडतात’, ‘केले जातात’. आणि ते नेहमी कोणावर तरी होतात. ‘मुलावर चांगले संस्कार झाले’ ह्या वाक्यात मूल हे ‘वर’ ह्या शब्दयोगी अव्ययाने दर्शविलेले एक पृष्ठ आहे, पाटी आहे. मुलाला कर्ता करून ‘मुलाने संस्कार केले’ असे म्हणून पाहावे. ऐकणाऱ्याच्या मनात तत्काळ अंत्यसंस्कार येतो. ज्या शब्दाच्या व्याकरणात अर्भकाला कर्तृपद मिळत नाही, त्या शब्दाने अर्भकाच्या मेंदूच्या स्वतःच्या उद्योगाचे वर्णन करावयास घेतले तर वर्णन पहिल्याच वाक्यात फसते.

अभिमन्यूच्या कथेची गोष्ट वेगळी आहे, आणि ती अधिक मनोरंजक आहे. महाभारताच्या द्रोणपर्वात चक्रव्यूहापुढे उभा असलेला अभिमन्यू युधिष्ठिराला एवढेच सांगतो की, व्यूह फोडण्याची युक्ती पित्याने आपणास शिकविली आहे, बाहेर पडण्याची नाही. सुभद्रेच्या उदराचा व तिला मध्येच लागलेल्या झोपेचा उल्लेख त्या स्थळी नाही. तो प्रसंग कथेच्या नंतरच्या वाढीतला आहे. उलट वनपर्वात गर्भावस्थेचा एक स्पष्ट प्रसंग आहे, तो अष्टावक्राचा. तेथे गर्भस्थ मूल नुसते ऐकत नाही, ते आतून बोलते, आणि पित्याच्या अध्ययनातील दोष दाखवून त्याचा शाप ओढवून घेते. लोकस्मृतीने ऐकणारा गर्भ जपला आणि बोलणारा गर्भ बाजूस ठेवला, ह्याची मीमांसा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. शापाच्या भयाचा त्यात काही भाग असेलही.

आता संशोधनाकडे वळावयाचे. १९६३ हे साल ह्या विषयात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी रॉजर स्पेरी ह्यांनी आपल्या आधीच्या प्रयोगांवरून असा सिद्धान्त मांडला की, डोळ्यातून निघणारा प्रत्येक तंतू मेंदूत कोठे पोचावयाचा हे रासायनिक खुणांनी ठरते. बेडकाचा डोळा खोबणीत उलटा फिरवून बसविला, तर तुटलेले तंतू पुन्हा वाढून आपल्या मूळच्याच ठिकाणी जातात. बेडूक आयुष्यभर माशी वर असता खाली झेप घेतो आणि अनुभवाने कधीच सुधारत नाही. त्याच वर्षी टॉर्स्टेन वीझल आणि डेव्हिड ह्यूबेल ह्यांनी मांजराच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लाची एक पापणी आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत शिवून ठेवली व पुढे उघडली, तर डोळा निरोगी असूनही मेंदूच्या बाह्यकातील पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देत नाहीत. प्रौढ मांजरावर हाच प्रयोग केला तर काहीही बिघडत नाही. तिघांनाही १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एका पारितोषिकात दोन परस्परविरोधी वाटणारी मते शेजारी बसली: खाण तशी माती, आणि संगतीचा गुण. मराठी पाठ्यपुस्तकांतून अनुवंश व परिस्थिती असा जो जुना द्वंद्वसमास चालत आला आहे, तो ह्या दोन नावांवर अगदी चपखल बसतो. आणि म्हणूनच पुढे जे हाती लागले ते त्या समासात बसत नाही हे ध्यानात येण्यास विलंब लागतो.

प्रश्न असा होता. माकडाच्या पिल्लात दोन डोळ्यांचे बाह्यकातील वेगवेगळे पट्टे जन्माच्या वेळीच आढळतात. मांजराच्या गर्भातही, डोळ्यांकडून आलेले तंतू थॅलॅमसमध्ये आरंभी एकमेकांत मिसळलेले असतात व जन्मापूर्वीच थरांत विभागले जातात. गर्भाशयात पाहण्याजोगे काही नाही. मग हे निवडीचे काम कोण करते? निव्वळ रासायनिक खुणा म्हणाव्यात, तर १९८८ मध्ये कार्ला शॅट्झ आणि मायकेल स्ट्रायकर ह्यांनी मांजराच्या गर्भात टेट्रोडोटॉक्सिन हे विद्युत्-संदेश थांबविणारे विष (फुगू माशातील विष ते हेच) सोडून पाहिले, तेव्हा ते थर विभागलेच नाहीत. अर्थात कोणता तरी विद्युत्-संदेश तेथे चालू असला पाहिजे, आणि तो प्रकाशाचा असू शकत नाही. त्याच वर्षी लुसिया गाली व लाम्बेर्तो माफ्फेई ह्यांनी उंदराच्या गर्भातील दृक्पटलाच्या पेशी आपोआप स्पंदित होत असल्याची नोंद प्रत्यक्ष घेतली. आणि १९९१ मध्ये मार्कस माइस्टर, रेचल वाँग, डेनिस बेलर व शॅट्झ ह्यांनी एकाच वेळी अनेक पेशींचे ध्वनन टिपून त्या स्पंदनांचे रूप दाखविले.

हे रूप जरा थांबून पाहण्याजोगे आहे. दृक्पटलावर कोठेतरी काही पेशी एकदम उद्दीपित होतात. ते उद्दीपन शेजारच्या पेशींकडे, मग त्यांच्या शेजाऱ्यांकडे, असे पसरत जाते, थोडे अंतर जाऊन विरते. मग मिनिटभराची, कधी त्याहून अधिक, शांतता. आणि पुन्हा दुसऱ्याच ठिकाणाहून दुसरी लाट. शांत तळ्यात कोणी न टाकलेल्या खड्यांचे तरंग उठावेत, तसे हे दिसते. ह्या लाटेतून दोन गोष्टी मेंदूपर्यंत पोचतात. ज्या पेशी एकत्र स्पंदित होतात त्या शेजारी आहेत, ही पहिली. तिच्या आधारे दृक्पटलाचा नकाशा मेंदूत शेजार न मोडता उतरतो. दुसरी अशी की, दोन डोळ्यांतील लाटा सहसा एका वेळी उठत नाहीत. म्हणून ज्यांची वेळ जुळत नाही ते तंतू निरनिराळ्या डोळ्यांचे, असा निवाडा होऊन थर वेगळे पडतात. २०१२ मध्ये जिवंत उंदरांच्या पिल्लांत, डोळे उघडण्यापूर्वी, ह्या लाटा दृक्पटलापासून मेंदूच्या बाह्यकापर्यंत जाताना पाहण्यात आल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे आढळले की, पिल्लांचे डोळे उघडण्याचा काळ जवळ आला म्हणजे लाटांना एक ठरावीक दिशा येते, आणि ती दिशा प्राणी पुढे चालू लागल्यावर आजूबाजूचे दृश्य ज्या रीतीने मागे सरकते तिच्याशी जुळते. पाहण्याची ही पूर्वतयारी अंधारातच होते. डोळे उघडण्याच्या सुमारास लाटा थांबतात.

कानाचे वृत्त भाषेच्या अभ्यासकाला अधिक जवळचे आहे. २००७ मध्ये निकोलस ट्रिच, ड्वाइट बर्गल्स व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखविले की, उंदरवर्गीय प्राण्यांच्या अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत, ऐकण्याचा आरंभ होण्यापूर्वी, एक तात्पुरता पेशीसमूह असतो. कोलिकर ह्या शरीरशास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळालेले आहे. ह्या पेशी ए.टी.पी. हे द्रव्य अधूनमधून सोडतात, त्याने ध्वनिग्राहक केशपेशी उद्दीपित होतात, आणि श्रवणतंतूतून मेंदूकडे स्पंदनांचा एक पुंजका जातो. नलिकेच्या एका भागातील केशपेशी पुढे उंच स्वराच्या ग्राहक व्हावयाच्या असतात, दुसऱ्या भागातील खालच्या स्वराच्या. जवळजवळच्या पेशी एकत्र स्पंदित झाल्यामुळे स्वरांचा क्रमच मेंदूत आधी मांडला जातो. ध्वनी अजून पोचलेला नाही, पण ध्वनीसाठी बैठक अंथरली गेली आहे. श्रवण सुरू झाले की हा पेशीसमूह लोप पावतो.

मानवी गर्भाच्या बाबतीत असे प्रयोग अर्थातच होऊ शकत नाहीत. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या मेंदूचे विद्युत्-आलेख पॅरिसमध्ये कोलेत द्रेफ्यूस-ब्रिझाक ह्यांनी १९५०च्या दशकापासून घेतले, आणि तेव्हापासून हे ज्ञात आहे की, अशा बालकाचा आलेख अखंड नसतो. जोराच्या स्पंदनांचा एक झोत, मग सपाट शांतता, पुन्हा झोत. त्यांतील मंद लाटेवर जलद कंपने स्वार झालेल्या एका विशिष्ट आकृतीला ‘डेल्टा ब्रश’ असे नाव आहे. पूर्ण दिवस भरत येतात तशी ती नाहीशी होते. २००७ मध्ये मॅथ्यू मिल व रुस्तेम खाझिपोव्ह ह्यांच्या गटाने अशा बालकांच्या हातापायांच्या आपोआप होणाऱ्या झटक्यांची नोंद ठेवली, आणि हाताच्या झटक्यापाठोपाठ बाह्यकात हाताच्याच जागी ही आकृती उमटते असे दाखविले. आईला पोटात जाणवणारी जी हालचाल ‘बाळ लाथा मारते’ म्हणून कौतुकाने सांगितली जाते, तिच्यातून बाळाचा मेंदू आपल्याच हातापायांचा नकाशा आखत असण्याचा पुष्कळ संभव आहे. येथे मराठी बोलीने एक गोष्ट अचूक केली आहे: लाथ मारणारे बाळ कर्तृपदी आहे.

एके काळी अशा आपोआप उठणाऱ्या स्पंदनांना आलेखातील गोंगाट म्हणून टाकून दिले जाई. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ, दुधाळा परिसरात, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची जी लायगो वेधशाळा योजिली आहे व जिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली, तिचा सारा खटाटोप गोंगाटातून अतिसूक्ष्म संकेत वेगळा काढण्याचा आहे. मेंदूच्या अभ्यासात उलटे घडले. गोंगाट म्हणून जे गाळले जात होते तेच काम करीत असल्याचे आढळले.

तेव्हा हवा आहे तो असा शब्द की, ज्यात बाह्य कारण नसलेली आणि तरीही अर्थवाही अशी स्पंदने सामावतील. ‘उत्स्फूर्त’ हा प्रचलित पर्याय. तो चूक नाही. परंतु मराठीत उत्स्फूर्त भाषण असते, उत्स्फूर्त बंद असतो, आणि त्यात उत्साहाचा व एकदाच होण्याचा जो भाव आहे तो दिवसरात्र ठरावीक विरामाने चालणाऱ्या ह्या क्रियेला जुळत नाही. ‘अनाहत’ हा शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. आघातावाचून होणारा तो अनाहत नाद, ही कल्पना मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायामुळे परिचित आहे. मराठवाड्याशी तिचा दुसराही एक संबंध आहे, व त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या पहिल्याच अध्यायात ग्रंथकार नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद करतो, हा नाद पिंडात म्हणजे शरीरात प्रकट होतो म्हणून पिंडाचे निरूपण करावयाचे असे सांगतो, आणि लगेच गर्भाची महिन्यामहिन्याने होणारी वाढ वर्णू लागतो. संगीताच्या ग्रंथात गर्भविज्ञान का आले ह्याचे आश्चर्य पुष्कळांना वाटते. ग्रंथकाराच्या दृष्टीने त्यात आश्चर्य नव्हते; नाद आणि गर्भ हा त्याला एकच विषय वाटत होता. मात्र अनाहत रंजक नाही म्हणून तो योग्यांकडे सोपवून पुढे तो आहताकडे वळतो.

हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या काठी, नर्सी हे गाव आहे. परंपरा ते नामदेवांचे जन्मस्थान मानते, आणि विसोबा खेचरांचा अनुग्रह त्यांना औंढा नागनाथ येथे झाला असेही मानते. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावावर ६१ पदे आहेत. त्यांतील सोरठ रागातील एका पदात कातडे न मढविलेला मृदंग वाजतो आहे, श्रावणावाचून मेघ गर्जतो आहे, ढगावाचून पाऊस पडतो आहे, अशा प्रतिमा येतात. ही हिंदी पदे व मराठी अभंग एकाच नामदेवांचे आहेत काय, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहे आणि तो येथे सोडविण्याचे कारण नाही. प्रतिमा मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. वाजविणारा आघात नाही आणि नाद आहे. एवढेच नव्हे, नाद ज्यातून निघावा ते कातडेही अजून ताणले गेलेले नाही. ऐकू न येणाऱ्या कानातून निघणाऱ्या स्पंदनांना ह्याहून जवळची प्रतिमा मराठी परंपरेत सापडणे कठीण.

येथे सावधगिरीची आवश्यकता आहे, कारण ह्याच वळणावर अनेक लेखकांचा तोल जातो. नामदेवांना किंवा शार्ङ्गदेवाला मेंदूच्या पेशींचे ज्ञान होते असे कोणी ह्यावरून म्हणू लागेल, तर ते अभिमन्यूच्या कथेवरून गर्भाच्या श्रवणाचे अनुमान काढण्याइतकेच निराधार होईल. योगमार्गातील अनाहत साधकाच्या अंतिम अनुभवाचा वाचक आहे. अर्भकाच्या आरंभिक स्थितीचा नाही. शब्द उसना घ्यावयाचा तो त्याच्या रचनेसाठी. ‘अनाहत’ ह्या शब्दात नकार आघाताला आहे, नादाला नाही. ‘संस्कार’ शब्दात जे गृहीत धरलेले आहे, नेमके तेच ‘अनाहत’ नाकारतो.

अनाहत क्रियेचे महत्त्व मान्य केले म्हणून तिला सर्वकर्ती ठरविण्याचेही कारण नाही. २००० मध्ये मॅथाइस फेरहाखे व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर निर्माण केले की, ज्यांच्या मेंदूत एका प्रथिनाच्या अभावी एका पेशीकडून दुसरीकडे रासायनिक संदेश मुळी जातच नव्हता. तरीही त्यांच्या गर्भावस्थेतील मेंदूची रचना, त्याचे थर व संधिस्थाने व्यवस्थित तयार झाली. पुढे मात्र पेशी झपाट्याने मरू लागल्या. ह्यावरून स्थूल आराखडा संदेशावाचूनही उभा राहतो, त्याचे सूक्ष्म शोधन व टिकाव मात्र संदेशावर अवलंबून असतो, असे म्हणणे प्राप्त आहे. स्पेरी ह्यांचे म्हणणे म्हणजे सर्वस्वी खोडून निघालेले नाही. दुसरी एक गुंतागुंत ‘गाबा’ ह्या द्रव्याची. प्रौढ मेंदूत ते पेशींना शांत करते. परंतु १९८९ मध्ये येहेज्केल बेन-आरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, नवजात उंदराच्या मेंदूच्या छेदात तेच द्रव्य पेशींना उद्दीपित करते, कारण पेशीच्या आत त्या वयात क्लोराइडचे प्रमाण अधिक असते. जिवंत प्राण्यात हे कितपत घडते ह्यावर वाद चालू आहे. पण भाषाशास्त्रज्ञाला ह्यात नवल वाटू नये. एकाच शब्दाचा अर्थ संदर्भाने उलटल्याची उदाहरणे त्याच्या संग्रही पुष्कळ असतात.

ह्या विषयावरील लोकप्रिय लेखनात एक घोषवाक्यही हटकून येते: ज्या पेशी एकत्र चेततात त्या एकत्र जोडल्या जातात. ते डोनाल्ड हेब ह्यांच्या नावावर खपते. हेब ह्यांनी १९४९ च्या ग्रंथात म्हटले ते अधिक काटेकोर होते. एक पेशी दुसरीला चेतविण्यात वारंवार भाग घेते तेव्हा तिचा प्रभाव वाढतो, असे त्यांचे विधान आहे. त्यात पौर्वापर्य आहे, नुसते साहचर्य नाही. यमकाच्या मोहाने इंग्रजीत जे पौर्वापर्य गळाले ते मराठी भाषांतरांत यमकही न साधता गळाले आहे, हे अधिक खेदाचे. ‘वायरिंग’ ह्या शब्दाचेही तसेच. घरातील तारा जोडून झाल्यावर त्यांतून वीज सोडतात. मेंदूत वीज आधी वाहते आणि तिच्या वाहण्याने तारांची निवड होते. जुन्या ‘मज्जातंतू’ शब्दावर मज्जा म्हणजे हाडातील गर असा आक्षेप घेऊन मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका’ हा शब्द चालविला. त्या काटेकोरपणाचा थोडा अंश ‘वायरिंग’च्या वाट्याला यावयास हवा होता.

मग गर्भ काहीच ऐकत नाही काय? ऐकतो, परंतु उशिरा, आणि थोडे. मानवी गर्भाचे कान सुमारे सहाव्या-सातव्या महिन्यात काम करू लागतात. आईच्या शरीरातून जाताना उंच कंपने बरीचशी गाळली जातात. स्वरांची चढउतार व लय पोचते, व्यंजनांचा तपशील पुसट होतो. अँथनी डी-कॅस्पर व विल्यम फायफर ह्यांनी १९८० मध्ये दाखविले की, नवजात बालक आईचा आवाज इतर स्त्रीच्या आवाजापेक्षा पसंत करते. आणि २०१३ च्या एका अभ्यासात अमेरिका व स्वीडन येथील नवजात बालके आपल्या व परक्या भाषेतील स्वरांना वेगळा प्रतिसाद देताना आढळली. भाषेचा सूर पोटात परिचयाचा होतो, हे मान्य करावे लागते. व्यूहरचनेचा पाठ त्या गाळणीतून उतरणार नाही. बारीक भेदांचे काम जन्मानंतरचे आहे. जेनेट वर्कर व रिचर्ड टीज ह्यांनी १९८४ मध्ये हिंदीतील ‘त’ व ‘ट’ ह्यांतील भेद घेऊन दाखविले की, इंग्रजीभाषी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना तो कळतो, आणि वर्षाच्या अखेरीस बहुतेकांना कळेनासा होतो. मराठी बालकाकडे तो टिकतो, कारण भोवतालची भाषा तो मागते. कळमनुरीच्या एखाद्या तांड्यावर गोरमाटी ऐकत वाढणारे, अंगणवाडीत मराठी आणि बाजारात दखनी ऐकणारे मूल किती ध्वनिभेद जपून ठेवते, ह्याचा अभ्यास ह्या जिल्ह्यात करण्याजोगा आहे.

परिभाषेचा हा वाद केवळ विद्यापीठीय नाही, हे दोन ठिकाणी दिसते. पहिले म्हणजे आई. संस्कार हाच आद्य कारण ठरला की, मूल उशिरा बोलले, मंद निघाले, किंवा त्याला ऐकू येईना, तर प्रश्न विचारला जातो तो आईला: पोटात असताना काय ऐकलेस, काय बोललीस, कशाला घाबरलीस? अनाहत क्रियेचा सर्व पुरावा ह्या प्रश्नाचा पायाच काढून घेतो. कर्णबधिर बालकाच्या बाबतीत तर अधिकच. बर्गल्स ह्यांच्याच प्रयोगशाळेतून २०१८ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, केशपेशींकडून संदेश पुढे जाऊच शकत नाही अशा जन्मतः बहिऱ्या उंदरांतही, श्रवणाच्या आरंभापूर्वी श्रवणमार्गात स्पंदनांचे पुंजके उठतच असतात. मानवी अर्भकाला हे जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि बहिऱ्या मुलाचा मेंदू म्हणजे संस्काराची वाट पाहणारी कोरी पाटी, ह्या समजुतीला प्राण्यांतील पुरावा अनुकूल नाही एवढे निश्चित.

दुसरे ठिकाण म्हणजे काळ. अनाहत क्रियेने अंथरलेली बैठक रिकामी राहिली तर ती तशीच टिकत नाही. ह्यूबेल व वीझल ह्यांचे मांजराचे पिल्लू त्याची साक्ष आहे. अनू शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जन्मतः बहिऱ्या मुलांच्या श्रवणप्रतिसादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंतःकर्णात कृत्रिम उपकरण साडेतीन वर्षांच्या आत बसविलेल्या मुलांचा मेंदूतील प्रतिसाद वयाला साजेसा होता. सात वर्षांनंतर बसविलेल्यांचा बहुधा नव्हता. २०१३ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची तरतूद आहे, आणि जन्मजात बहिरेपणा, जन्मजात मोतीबिंदू व अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा दृक्पटलविकार हे तिच्या यादीत आहेत. यादी योग्य आहे. परंतु सेनगाव वा औंढा तालुक्यातील एखाद्या वस्तीवर, तपासणीचे पथक येण्यापूर्वी आणि येऊन गेल्यावरही, घरात जे वाक्य उच्चारले जाते ते असे असते: ‘अजून लहान आहे, बोलेल हळूहळू, त्याचा चुलताही उशिराच बोलला.’ ह्या वाक्याच्या मुळाशी संस्काराचीच कल्पना आहे. पाटी आहे तेथेच आहे, आज नाही तर उद्या लिहिता येईल, असा तिचा भरवसा.

उपकरण प्रत्येकाला मिळणार नाही, आणि मिळाले तरी प्रत्येकाला उपयोगी पडेलच असे नाही. मेंदूला हवी असते ती भाषा. ती कानानेच आली पाहिजे असा मेंदूचा हट्ट नाही. हातांची भाषा लहानपणापासून मिळालेले कर्णबधिर मूल भाषेच्या टप्प्यांतून ऐकणाऱ्या मुलासारखेच जाते, हे भाषाशास्त्रात प्रस्थापित झालेले आहे. मुंबईस १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग ह्यांच्या नावाची वाक् व श्रवण संस्था आणि दिल्लीतील २०१५ चे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र ह्यांच्याकडे शिक्षक तयार करण्याची व्यवस्था आहे. हिंगोलीच्या अंगणवाडी सेविकेपर्यंत त्यातील किती पोचते, हा स्वतंत्र चौकशीचा विषय. तिच्या हाती जे मराठी माहितीपत्रक पडावयाचे, त्यात मात्र निदान एवढे बदलता येईल: ‘गर्भावर व बालकावर संस्कार करा’ ह्या वाक्याच्या जागी, बाळाच्या मेंदूचे काम जन्मापूर्वीच आपोआप सुरू झालेले असते, सहा महिन्यांचे मूल हाकेला किंवा भांड्याच्या आवाजाला वळत नसेल तर वाट पाहू नये, त्याच महिन्यात कान तपासून घ्यावेत, असे लिहिता येईल.